सॅन रॅमोनहून ह्यूस्टन: बदली घ्यावी की सेव्हरन्स (नोकरी जाताना मिळणारी रक्कम)?
(प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खाडीपलीकडे
शेव्हरॉन या तेलकंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्यालय कॅलिफोर्नियातल्या सॅन रॅमोनहून टेक्सासमधल्या ह्यूस्टनला नेणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून बे एरियातल्या तेलवाल्यांच्या तोंडी हाच विषय आहे. समजा वय ४३, एच-१बी (कंपनीच्या नोकरीला बांधलेला कामाचा व्हिसा), आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीचा अर्ज) मंजूर होऊन दोन वर्षं झाली, आय-४८५ (ग्रीन कार्डाचा स्वतःचा शेवटचा अर्ज) भरलेला नाही, बायकोकडे एच-४ ईएडी (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराची कामाची परवानगी). स्वतःचं घर, कर्जाचा दर ३ टक्क्यांच्या आत. सही करण्याआधी काय काय तपासायचं?

कागदी घोडा
आधी व्हिसा, पैसे नंतर.

बदलीत महानगर क्षेत्र बदलतं, म्हणून नवा एलसीए (पगार आणि कामाच्या जागेबद्दल कंपनीने श्रम खात्याकडून मंजूर करून घ्यायचा कागद) आणि सुधारित एच-१बी अर्ज लागतो. एलसीएलाच कामाचे ७ दिवस धरा. "सोमवारपासून ये, कागद मागाहून होतील" असं मॅनेजर म्हणाला तरी अर्ज दाखल होण्याआधी ह्यूस्टनच्या खुर्चीत बसायचं नाही. पर्म (ग्रीन कार्डासाठीची श्रम खात्याची मंजुरी) जागेला बांधलेली असते, ती तिकडे पुन्हा करावी लागेल. प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतला नंबर ठरवणारी तारीख) मात्र टिकते. नवी पर्म कधी सुरू करणार, ते ऑफर लेटरात लिहून घ्या.

पॅकेज म्हणजे सेव्हरन्स घेतलंत तर नोकरी संपल्यावर देशात राहायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस. आय-९४ (देशात राहण्याच्या मुदतीची नोंद) आधी संपत असेल तर तेवढेच. सेव्हरन्स सहा महिन्यांचं मिळालं म्हणून ही मुदत वाढत नाही. म्हणून रकमेपेक्षा नोकरीची शेवटची तारीख पुढे ढकलून मागा.

हिशेबनीस
बदलीच्या पत्रात 'ग्रॉस-अप' (बदलीखर्चावरचा कर कंपनीने भरणं) हा शब्द शोधा. २०१८ पासून सामान हलवण्याचा खर्च कंपनीने दिला तरी फेडरल करात तो पगारच धरतात. ३०,००० डॉलरवर २२ टक्के आयकर आणि ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर कापले की उरतात साधारण २१,१००. वर ठरावीक मुदतीत नोकरी सोडली तर पैसे परत करण्याचं कलम असतं. कंपनीने काढलं तरी ते लागू होतं का आणि परतफेड कापण्याआधीच्या रकमेची की हातात आलेल्या, हे विचाराच.

घर भाड्याने द्यायचा मोह होईल, कर्जाचा दरच इतका कमी आहे. पण विक्रीच्या आधीच्या ५ वर्षांत २ वर्षं स्वतः राहिलेलं असलं तरच जोडप्याला ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त. म्हणजे निघाल्यापासून ३ वर्षांत विकायला हवं.

टेक्सासला राज्याचा आयकर नाही, हे सगळे सांगतात. ह्यूस्टनजवळच्या कॅटी-सायप्रसच्या नव्या वसाहतींत 'मड'चा (पाणी-सांडपाण्याची सोय करणाऱ्या स्थानिक जिल्ह्याचा) कर धरून घरपट्टी घराच्या किमतीच्या अडीच टक्क्यांच्या वर जाऊ शकते, हे कोणी सांगत नाही. पूरनकाशाही बघा.

सही नंतर
बदली नाकारली म्हणून राजीनामा मागितला तर देऊ नका. कंपनीने काढलं तर एच-१बीवाल्याच्या मायदेशी परतीचा रास्त प्रवासखर्च तिच्यावर येतो. राजीनाम्यात तो हक्क जातो. चाळिशी उलटलेल्यांना गट-कपातीत रिलीजवर (कंपनीवर दावा न करण्याच्या करारावर) विचाराला ४५ दिवस आणि सहीनंतर माघारीला ७ दिवस मिळतात. "शुक्रवारपर्यंत सांगा" याला भुलू नका. आरोग्यविमा कोब्रावर (नोकरी गेल्यावरही कंपनीचा विमा चालू ठेवू देणारा कायदा) १८ महिने चालतो, पण पूर्ण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत भरावे लागतात, कंपनीचा वाटाही आपल्याच खिशातून.

खाडीपलीकडे
आणि एच-४ ईएडी?

कागदी घोडा
बदलीत धक्का नाही. पॅकेज घेतलंत आणि ६० दिवसांत दुसऱ्या कंपनीचा अर्ज गेला नाही, तर तुमच्या एच-१बीबरोबर तिचं एच-४ आणि कामाची परवानगीही जाते. घर दोन पगारांवर चालत असेल तर दोन्ही एकाच दिवशी थांबतील असं धरून हिशेब मांडा.