नायट्रोजन भरावा की साधी हवा? आकड्यांनिशी बोला

पाना-पक्कड

टायरमध्ये नायट्रोजन भरण्याचे जे फायदे दुकानाच्या फलकावर लिहिलेले असतात, त्यातले बहुतेक भौतिकशास्त्राच्या पहिल्या धड्यातच गळून पडतात. म्हणून धागा काढतोय. कोणाचं मत वेगळं असेल तर आकडे घेऊन या, "गाडी मऊ पळते" वगैरे नको.

पहिला दावा, नायट्रोजन तापल्यावर फुगत नाही. साफ चूक. बंद भांड्यातल्या कोणत्याही वायूचा दाब निरपेक्ष (केल्व्हिनमधल्या) तापमानाच्या प्रमाणात वाढतो. २५ अंशांना ३३ पीएसआय (दाबाचं एकक) भरलेला टायर ६० अंशांवर गेला की ३८.६ पीएसआय दाखवणार. आत कोरडी हवा असो वा शुद्ध नायट्रोजन, आकडा तोच. हवेत मुळात ७८ टक्के नायट्रोजनच आहे, उरलेला ऑक्सिजनही या तापमानांत तसाच वागतो.

दुसरा दावा, टायर थंड राहतो. टायर तापतो तो साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) दर फेरीला वाकते म्हणून, रबराच्या आतल्या घर्षणामुळे. आतला वायू ती उष्णता तयारही करत नाही आणि फारशी वाहूनही नेत नाही. हवा आणि नायट्रोजन यांच्या उष्णतावहनात नाव घेण्याजोगा फरक नाही.

तिसरा, वजन कमी होतं. हिशेब करा. कारच्या टायरची पोकळी साधारण ३५ लिटर धरली तर ३३ पीएसआयला आत सुमारे १३० ग्रॅम हवा बसते. पूर्ण नायट्रोजन भरला तर चार-पाच ग्रॅम वाचतात. रिमवर चिकटवायचं नेहमीचं लहान वजनही ५ ग्रॅमचं असतं!

उरला एकच दावा, गळती कमी होते. तो खरा आहे, पण किती? अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक मासिकाने २००६-०७ मध्ये ३१ मॉडेलांचे टायर जोडीजोडीने ३० पीएसआय भरून वर्षभर बाहेर ठेवले. हवेचे सरासरी ३.५ पीएसआयने उतरले, नायट्रोजनचे २.२ ने. फरक १.३ पीएसआय, तोही बारा महिन्यांत. महिन्यातून एकदा गेज लावणाऱ्याला याचा काय उपयोग?

लांबपल्ला

"फक्त १.३" हे वाचायला सोपं आहे. तोच आकडा दुसरीकडून वाचा: गळती एक तृतीयांशाहून जास्त कमी झाली. आणि महिन्यातून एकदा गेज लावणारे किती? वर्षातून दोनदा सर्व्हिसिंगला गाडी गेली की तेव्हाच काय तो दाब तपासला जातो, अशाच गाड्या रस्त्यावर जास्त. नायट्रोजनचा फायदा नेमका त्यांना.

दुसरं, तुम्ही टायरच्या वयाचा मुद्दाच घेतला नाही. ऑक्सिजन लायनरमधून (हवा अडवणारा टायरचा आतला थर) झिरपत बाहेर जातो तेव्हा वाटेत नक्षीखालच्या बेल्टच्या कडेच्या रबराला कडक करत जातो. दाब आतून बाहेर ढकलतोय, त्यामुळे ही झीज आतूनच होते, बाहेरून दिसत नाही. टायरचं वय प्रयोगशाळेत झपाट्याने वाढवायचं असेल तर ओव्हन चाचणीत आत ५० टक्के ऑक्सिजन आणि ५० टक्के नायट्रोजन असं मिश्रण भरतात. ऑक्सिजन वाढवला की रबर लवकर म्हातारं होतं, हे गृहीत धरूनच ती चाचणी आखली आहे.

ट्रकच्या टायरचा केसिंग (नक्षीखालचा सांगाडा) दोन-तीन वेळा रिट्रेड करायचा, म्हणजे त्यावर नवी नक्षी चढवायची असते. तिथे केसिंगचं रबर नरम राहणं म्हणजे थेट पैसा.

पाना-पक्कड

ट्रकच्या केसिंगबद्दल वाद नाही. पण कारचा टायर बहुधा नक्षी संपली म्हणून किंवा साइडवॉल फुगली म्हणून बदलला जातो. रिट्रेड कोणी करत नाही. आतून रबर जुनं होण्याआधीच टायर भंगारात जातो.

आणि "गेज न लावणाऱ्याला फायदा" हा युक्तिवाद मला धोकादायक वाटतो. नायट्रोजन भरला की माणूस गेज कायमचं विसरतो. पंक्चरचा खिळा, व्हॉल्व्हची सैल पिन, गंजलेली रिमची कड यांतून होणारी गळती वायू ओळखत नाही.

बाष्पभार

दोघांनी एक गोष्ट बाजूला ठेवली: पाणी. दाबाच्या चढउताराच्या गोष्टीत सगळी मेख तिथे आहे.

पाना-पक्कड यांचा ३८.६ चा आकडा कोरड्या वायूसाठी बरोबर. टायरमध्ये द्रवरूप पाणी असेल तर गणित बदलतं. बाष्पाचा संपृक्त दाब, म्हणजे त्या तापमानाला बाष्प जास्तीत जास्त गाठू शकतं तो दाब, २५ अंशांना ०.४६ पीएसआय, ६० अंशांना जवळपास २.९ पीएसआय. म्हणजे तोच टायर तापल्यावर ३८.६ ऐवजी ४१ च्या आसपास जाईल. त्यासाठी पाणी किती हवं? ३५ लिटरच्या पोकळीत साधारण साडेचार ग्रॅम. चमचाभर.

मात्र नुसत्या दमट हवेने हे होत नाही, आणि इथे विक्रेते हातचलाखी करतात. कॉम्प्रेसरच्या टाकीत ८ बार (एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय) दाबाला ३५ अंशांची हवा पूर्ण संपृक्त आहे असं धरू. तीच हवा टायरमध्ये सव्वादोन बारवर आली की पसरते, आणि बाष्पाचा दाब ०.३ पीएसआयच्या आसपास उरतो. तेवढं बाष्प इतर वायूंसारखंच वागतं, वेगळा त्रास देत नाही.

त्रास देतं ते थेंबांच्या रूपाने आलेलं पाणी. ते तीन वाटांनी येतं. टाकीच्या बुडाचा नळ रोज उघडून पाणी काढलं नाही तर नळीतून थेंब पुढे जातात. टायर चढवताना बीडला (टायरची रिमवर बसणारी कड) लावलेलं साबणाचं पाणी आत ओघळतं. आणि उघड्यावर रचलेल्या टायरमध्ये साचलेलं पावसाचं पाणी न पुसताच टायर रिमवर चढतो. या तिन्हींवर उपाय नायट्रोजन नाही, ड्रायर (हवा कोरडी करणारं यंत्र) आणि फडकं आहे. शेवटच्या दोन वाटांनी आत आलेलं पाणी तर नायट्रोजन भरला तरी आतच राहतं.

रेसिंगमध्ये नायट्रोजन वापरतात तो कोरडा असतो म्हणून. तिथे अर्ध्या पीएसआयने गाडीचा तोल बदलतो. कोरडी हवा मिळाली तर तीही तितकीच चालेल.

लांबपल्ला

बाष्पभार, मान्य. पण नायट्रोजनच्या यंत्रातून येणारा वायू आपोआपच कोरडा असतो, हा फायदा जोडीला मिळतोच की. साध्या हवेच्या किती ठिकाणी ड्रायर बसवलेला असतो?

आणि विमानांचं काय? तिथे हौस म्हणून भरत नाहीत.

बाष्पभार

नाही, हौस म्हणून नाही. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकाना विमान कंपनीच्या ९४० क्रमांकाच्या उड्डाणाचं बोइंग ७२७ पडलं, १६७ जण गेले. चाकाचा ब्रेक अति तापला होता आणि त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी हवा होती. उड्डाणानंतर चाकाच्या कप्प्यात टायर फुटला आणि इंधनाच्या व विजेच्या वाहिन्या तुटल्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या वर नको, असा आदेश काढला.

कारण रासायनिक आहे. रबर खूप तापलं की त्यातून ज्वलनशील वायू सुटतात. आत ऑक्सिजन असेल तर ते टायरच्या पोटातच पेटतात आणि दाब क्षणात कित्येक पट होतो. खाणीतल्या अवजड डंपरांना नायट्रोजन भरतात त्यामागेही हीच भीती. कारचा टायर रस्त्यावर त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही. तिथे टायर फुटतो तो कमी दाब, जादा भार किंवा जुना घाव यामुळे. विमानाचं उदाहरण कारच्या फलकावर लावणं ही दिशाभूल आहे.

चाकधर

तुमच्या वादात एक गोष्ट राहतेय. ज्याला तुम्ही "नायट्रोजन भरलेला टायर" म्हणता, त्यात बऱ्याचदा नायट्रोजन नसतोच. म्हणजे हवेत असतो तेवढाच.

२८ वर उतरलेल्या हवेच्या टायरला ९५ टक्के शुद्धतेचा नायट्रोजन मारून ३३ केलं, नायट्रोजनची खूण म्हणून हिरवं टोपण लावलं, झालं काम. आत ऑक्सिजन किती? २१ वरून १९.३ टक्के. ही हवाच आहे.

पिन काढून टायर पूर्ण सोडला तरी गेज शून्य दाखवतं तेव्हा आत एक बार हवा असतेच. तिथून ३३ पर्यंत भरलं तर ऑक्सिजन १० टक्क्यांच्या आसपास. पुन्हा सोडून पुन्हा भरलं की साडेसहा. तिसऱ्यांदा साडेपाच. त्यापुढे मशीनच ९५ टक्क्यांचं असल्यामुळे कष्ट वाया. म्हणून दोनदा सोडून भरणं हा कमीत कमी हिशेब, आणि चार चाकांना ते दहा मिनिटांत होत नाही.

करताना गाडी लिफ्टवर किंवा जॅक-स्टँडवर हवी. चाक जमिनीवर ठेवून हवा पूर्ण सोडली तर गाडीचं वजन साइडवॉलवर येतं, बीड जागचा सरकू शकतो. पिन हळूच, नीट धरून काढायची, नाहीतर ती गोळीसारखी उडते. परत बसवताना तिचं रबर चिरलंय का पाहायचं, मग साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का बघायचं. हिरव्या टोपणाच्या आतही रबरी वायसर असायला हवा, नाहीतर ते नुसता दागिना.

मशीनचंही बघा. झिल्लीचं मशीन (हवा पातळ पडद्यातून गाळून नायट्रोजन वेगळा करणारं) असेल तर शुद्धता प्रवाहावर ठरते, घाईघाईत जास्त वायू ओढला की ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं. आधीच्या कॉम्प्रेसरचं तेल फिल्टर ओलांडून झिल्लीवर गेलं तर ती कायमची बाद. पडद्यावर ९५ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, ऑक्सिजन मीटर व्हॉल्व्हला लावायला सांगा. आधी तोच मीटर मोकळ्या हवेत धरायचा, २०.९ दाखवला तरच खरा. आणि सिलिंडरवरून भरत असतील तर रेग्युलेटर आहे ना ते पाहा. सिलिंडरमध्ये १५० बारच्या घरात दाब असतो, तो थेट टायरला जोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

पाना-पक्कड

म्हणजे फायदा छोटा, आणि तोही नीट काम केलं तरच. माझा मुद्दा अजून पक्का झाला.

लांबपल्ला

काम वाईट होतं म्हणून वस्तू वाईट ठरत नाही हो. तसं म्हटलं तर अलाइनमेंटही बंद करायला हवी.

उलटतपासणी

गळतीच्या आकड्याची बेरीज-वजाबाकी करून पाहिली, ती इथे ठेवतो. बुटाइल रबरातून (लायनर याच रबराचा असतो) ऑक्सिजन नायट्रोजनच्या तिप्पट-चौपट वेगाने झिरपतो, आपण तिप्पट धरू. वायू ढकलला जातो तो आत आणि बाहेर त्या त्या वायूचा जो दाब असतो त्यातल्या फरकाने.

हवेच्या टायरमध्ये (गेजवरचे सव्वादोन बार अधिक बाहेरच्या हवेचा एक बार, एकूण ३.२५ बार निरपेक्ष) नायट्रोजनचा फरक १.७६ बार आणि ऑक्सिजनचा ०.४७. वेग मोजायला ऑक्सिजनला तिनाने गुणा, बेरीज ३.१७. आता ९५ टक्के नायट्रोजनचा टायर: नायट्रोजनचा फरक वाढून २.३१ होतो, आणि ऑक्सिजन आत ०.१६ व बाहेर ०.२१, म्हणजे तो उलट *आत* येतो! बेरीज २.१६. गुणोत्तर ०.६८. कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या आकड्यांचं गुणोत्तर ०.६३. दोन्ही चांगले जुळतात, तेव्हा "गळती होतच नाही" आणि "काहीच फरक नाही" ही दोन्ही टोकं खोटी.

यातून आणखी एक निघतं. हवेच्या टायरमधून ऑक्सिजन आधी निसटतो. तुम्ही वर हवा भरत राहिलात तर टायर स्वतःच हळूहळू नायट्रोजनकडे झुकतो.

इंधनाचं सांगायचं तर अमेरिकी ऊर्जा खात्याचा ठोकताळा असा, सरासरी दाब १ पीएसआयने उतरला की मायलेज ०.२ टक्क्याने घटतं. १.३ पीएसआयचा फरक वर्षाअखेरीचा आहे, सरासरी त्याच्या निम्मा. तेव्हा बचत ०.१३ टक्के. नायट्रोजन भरायला थोडं लांबचं दुकान गाठलंत की ती संपली.

चाकधर

बरोबर. अजून एक भीती लोकांच्या मनात असते ती काढून टाका: नायट्रोजनच्या टायरमध्ये हवा भरली तर बिघडतं का? नाही. ९५ टक्क्यांच्या टायरमध्ये ३ पीएसआय हवा घातली तर ऑक्सिजन ५ वरून ६ टक्के होतो, एवढंच. वाटेत दाब कमी दिसला आणि नायट्रोजन मिळत नाही म्हणून तसंच पुढे जाणं हा शुद्ध वेडेपणा.

लांबपल्ला

हे मात्र फलकावर लिहायला हवं. माझ्या मते नायट्रोजन कुठे भरावा: महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी, ट्रेलर, स्टेपनी, आणि रिट्रेड होणारे ट्रकचे टायर. रोज चालणाऱ्या कारसाठी मी भांडणार नाही. पण फुकट मिळत असेल तर नाकारणारही नाही.

पाना-पक्कड

स्टेपनीसाठी एवढा खटाटोप कशाला? कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त साधी हवा भरून ठेवा, साइडवॉलवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आत राहून. लावायची वेळ आली की जादा हवा सोडून द्या. सोडणं सोपं, रस्त्यावर भरणं अवघड.

नवखा_स्वार

दुचाकीचं काय? मागच्या चाकात ट्यूब आहे.

चाकधर

दुचाकीत पोकळी लहान, त्यामुळे तेवढाच वायू गेला तरी गेजचा काटा जास्त पडतो. म्हणून गळतीचा फरक कारपेक्षा लवकर कळतो. शिवाय ट्यूबमध्ये शुद्धता गाठणं सोपं असतं: पिन काढून चाक उचललं आणि टायर सगळीकडून दाबला की ट्यूब चपटी होते, आत हवा फारशी उरतच नाही. एकदाच भरून काम भागतं.

पण आधी ट्यूब कशाची आहे ते विचारा. नैसर्गिक रबराची असेल तर तिच्यातून वायू बुटाइलच्या कित्येक पट वेगाने जातो, नायट्रोजन भरूनही दर पंधरवड्याला पंप शोधावा लागेल. बुटाइलची ट्यूब टाका, मग साधी हवाही टिकते. बसवताना ट्यूबला पीळ पडू देऊ नका, आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं नट रिमला घट्ट आवळू नका. टायर रिमवर जरा सरकला की आवळलेला व्हॉल्व्ह मुळापाशी फाटतो.