एचडीएल गोळीने वाढवावं का?

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय, एचडीएल (म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३४ आहे, साखर दरवर्षी चढतेय, तर एचडीएल वाढवायची गोळी घेऊ का? ताई, हे दोन्ही बहुतेक एकाच मुळातून आलंय. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की यकृत रक्तात जास्त ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) सोडतं. ते एचडीएलच्या कणांत शिरतं आणि असे कण लवकर मोडीत निघतात. बायकांत एचडीएल ५० च्या खाली म्हणजे कमीच.

उलट बाजूही आहे, म्हणजे एचडीएलचाही साखरेवर परिणाम होत असावा. एचडीएल बीटा पेशींना (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना) जपतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. टॉरसेट्रापिब या औषधाने एचडीएल भरपूर वाढलं, मधुमेहींची साखरही थोडी सुधारली, पण मृत्यू वाढल्यामुळे २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. निआसिननेही (ब-३ जीवनसत्त्वाने) एचडीएल वाढतं, पण साखर बिघडते! म्हणून नुसता आकडा वाढवायच्या मागे कृपा करून लागू नका.

२०२३ च्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वांत जास्त. आमच्या आईने नुस्त्याची (माशांची) कढी तशीच ठेवली, शीत (भात) निम्मं केलं, चहासोबतचा पाव सोडला आणि जेवल्यावर चालू लागली. ट्रायग्लिसराइड चांगलंच उतरलं, एचडीएल जेमतेम हललं, पण साखर आटोक्यात आली. तुमचं ट्रायग्लिसराइड किती, ते इथे लिहा. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.