थँक्सगिव्हिंगला मराठीत काय म्हणावं? आभार, उतराई, फेडणं आणि नवं

माझी भाची न्यू जर्सीला असते. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "मावशी, लेकीला थँक्सगिव्हिंग मराठीतून समजावायचंय. 'आभारदिन' म्हणू का?" मी पटकन हो म्हणून गेले आणि मग दिवसभर तो शब्द खटकत राहिला. म्हणून इथे विचारते आहे.

सण तसा सुगीचाच. १६२१ साली अमेरिकेत प्लिमथला आलेल्या इंग्रजांनी पहिलं पीक हाती आल्यावर तिथल्या वाम्पानोआग लोकांबरोबर जेवण केलं, ती त्याची सुरुवात मानतात. राष्ट्राध्यक्ष लिंकनने १८६३ मध्ये तो देशभर पाळायचा असं जाहीर केलं आणि नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो १९४१ मध्ये. सगळं घर एका टेबलाशी जमतं, जेवतं, आणि प्रत्येक जण वर्षभरात काय चांगलं मिळालं ते बोलून दाखवतो.

आता 'आभार'. हा शब्द आपण घरात वापरतो का? आमच्या गिरगावच्या चाळीत गणपतीच्या शेवटच्या दिवशी आभारप्रदर्शन असायचं. त्यात देणगीदार, मंडपवाले, पाहुणे सगळ्यांचे आभार मानत, पण रोज पहाटे उठून हार करणाऱ्या घरच्या बायकांचे कुणी मानत नसे, आणि त्यांनाही ते अपेक्षित नसायचं. आईने ताट वाढल्यावर मी "आभारी आहे" म्हटलं असतं तर तिला लागलं असतं. मुलगी परक्यासारखं का बोलते, असंच वाटलं असतं. आभार हा बाहेरच्यांचा शब्द आहे, आणि त्यात भार आहेच.

हा भार उतरवायचा म्हणजे 'उतराई' होणं. मला हा शब्द फार आवडतो. तुकोबा संतांच्या उपकारांबद्दल म्हणतात, "काय द्यावे त्यासी व्हावे उतराई । ठेविता हा पायी जीव थोडा". जीव ठेवला तरी पुरत नाही. म्हणजे शब्दाचा अर्थ ओझं उतरवणं, आणि आपण तो वापरतो बहुतेक ते उतरत नाही हे सांगायला: "तुमचे उपकार कसे फेडू, कशी उतराई होऊ?"

तसंच 'फेडणं'. कर्ज फेडतो, नवस फेडतो, लेक आईबापांचे पांग फेडतो. पण फेडणं म्हणजे मुळात सोडणं, सुटं करणं. वस्त्र फेडणं म्हणतो ते त्याच अर्थाने. बांद्र्याच्या मोत मावलीला, म्हणजे माउंट मेरी चर्चला, ८ सप्टेंबरच्या सणाला आणि पुढे जत्रेत सगळ्या जातिधर्मांची माणसं मेणाचे हात, पाय, घरं घेऊन जातात. त्यातले कितीतरी जण नवस फेडायला आलेले असतात. बोललेली गाठ सोडवून मोकळं व्हायचं.

म्हणजे आभारात ओझं, उतराईत ते उतरवणं, फेडण्यात गाठ सोडणं. तिन्हींत सुटका आहे. पण वर्षातून एकदा घर जमवून करायच्या सणात सुटका कुठे असते? तिथे उलटंच असतं. आणि त्यासाठी माझ्या आईकडे वेगळा शब्द होता.

आई राजापूरकडची. दसऱ्याला ती 'नवं' बांधायची. कोकणात कुणी दसऱ्याला बांधतात, कुणी कोजागरीला, तिला नवान्न पौर्णिमाही म्हणतात. नवं म्हणजे शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, झेंडूचं आणि कुरडूचं फूल, सगळं एकत्र बांधलेली जुडी. गावी ती दाराला, तुळशीला, नांगराला, उखळाला बांधत. गिरगावात शेत कुठलं? मग आई आदल्या दिवशी पहाटे दादरच्या फूलबाजारात जायची, वसई-पालघरकडच्या बायकांकडून लोंब्या आणायची आणि जमिनीवर बसून पांढऱ्या दोऱ्याने छोट्या जुड्या करायची. मी पानं पुसून द्यायचे. एक जुडी चौकटीला, एक देव्हाऱ्याला, एक तांदळाच्या डब्याला, एक नळाला, एक तिच्या शिवणाच्या मशीनला. आणि एक बाबांच्या जेवणाच्या डब्याच्या कडीला.

बाबा परळच्या एका मिलमध्ये होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दसरा आला तोवर नऊ महिने पगार नव्हता, डबा फळीवर उपडा पडलेला होता. मला वाटलं, यंदा त्याला बांधणार नाही. आईने तो खाली काढला, घासला, पुसला आणि कडीला लोंबी बांधली. बाबा म्हणाले, "अगं, डबा जातोय कुठे?" ती म्हणाली, "डब्याने आपलं काय वाईट केलं?" बाबा काही बोलले नाहीत. ती सुकलेली लोंबी पुढच्या दसऱ्यापर्यंत त्या कडीला होती.

उपकार फेडायचे असतात, पण नवं बांधायचं असतं. दसऱ्याला लोकलच्या डब्याला हार घालणारे रोजचे प्रवासी हेच करतात असं मला वाटतं. 'आभारदिन' बाजूला ठेवून भाचीला 'नवं' सुचवू का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

ताई, लेख वाचून वडिलांना दाखवला. आम्ही वर्धेकडचे, आता भांडुपला. ते म्हणाले, आमच्याकडे हा शब्द 'आवतन'. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळायचे, ती खांदेमळणी. मग त्याच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." आवतन म्हणजे आमंत्रणाचंच घरगुती रूप. वर्षभर ज्याच्या खांद्यावर जू ठेवलं त्याला पाहुण्यासारखं 'घ्या, या' म्हणतो. एरवी बैलाला अहो-जाहो कोण करतं? मला तर सगळी कृतज्ञता त्या क्रियापदात दिसते. भांडुपला बैल नाहीत, पण वडील मातीच्या बैलजोडीलाही हेच म्हणतात.

प्रतिसाद

मी मरोळ गावठाणातली, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथलिक ख्रिस्ती समाजातली. आमचा 'आगेरा' विसरू नका! ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताची कणसं वाजतगाजत चर्चला नेतो, फादर ती आशीर्वादित करतात आणि प्रत्येक घर एकेक जुडी घेऊन येतं. आमच्या घरी ती अल्तारापाशी ठेवतात. शब्द लॅटिन 'आगेर' म्हणजे शेत यावरून आला असं आमची मोठी माणसं सांगतात. शेतं बिल्डिंगांखाली गेली, कणसं आता बाहेरून येतात, तरी नाव शेताचंच आहे. तुमच्या आईची जुडी आणि आमची जुडी एकच दिसते मला. फक्त आम्ही 'बांधला' म्हणत नाही, आगेरा 'आणला' म्हणतो.

पुन्हा मी

दोघांचे… इथे आभार लिहायला हात धजत नाही. वाचून फार बरं वाटलं.

काल भाचीशी बोलले. ती म्हणाली, तिकडेही या दिवसांत लोक दारावर सुक्या रंगीत मक्याची कणसं अडकवतात, तिच्याही दारावर तीन आहेत. तिने लेकीला ती दाखवून सांगितलं, "हे आपलं नवं." पोरीने विचारलं, "पण ती तर जुनी दिसतात, नवं का?"

'नवं' हे नाम म्हणून घाटावर, खानदेशात, मराठवाड्यात चालतं का? की तिकडे 'नवान्न'च म्हणतात? आणि जुडीसाठी वेगळा शब्द असेल तर तोही लिहा. पुढच्या गुरुवारच्या आत कळलं तर पोरीला सांगता येईल.