कंपायलरचं रिलीज तोंडावर आलंय, आधी कुठला बग घ्यायचा?

टिळकवाडी_कोडर:
नमस्कार मंडळी, आम्ही बेळगावातले काही मित्र मिळून पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवायला एक छोटी भाषा करतोय, मागं एलएलव्हीएम (कंपायलर बनवायची तयार साधनं) आहे. गणपतीच्या आत पहिलं रिलीज काढायचंय कारण खानापूर भागातले एक सर शाळेत वापरून बघणार आहेत. आता तीन बग छळतायत. कंस बंद केला नाही की कंपायलरच (प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा) पडतो. ओळीत मराठी मजकूर असला की चूक दाखवणारा बाण भलतीकडेच जातो. आणि बेरजेचा एक प्रोग्रॅम ऑप्टिमायझेशन (कोड आपोआप वेगवान करणं) बंद असताना बरोबर उत्तर देतो, ओ-टू ही ऑप्टिमायझेशनची पातळी लावली की चूक, ना एरर ना वॉर्निंग. आधी काय घेऊ?

उद्यमबाग_४१:
तिसरा, दुसरा विचारच नको. कंपायलर पडला तर निदान कळतं तरी ओ, चुकीचं उत्तर आलं तर पोरगं रात्रभर स्वतःच्याच प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतंय. जीसीसी या कंपायलरमध्ये पण आधीच्या व्हर्जनला चालत होतं ते बिघडलं आणि त्याला पी-वन, म्हणजे सगळ्यात वरचं प्राधान्य, लागलं, तर असले बग शून्यावर आल्याशिवाय रिलीज निघत नाही. आयआर (कंपायलरच्या मधल्या रूपातला कोड) फाईल काढा, ऑप्ट या एलएलव्हीएमच्या टूलला द्या आणि किती पास (ऑप्टिमायझेशनचे टप्पे) चालवायचे ते ठरवणारा ऑप्ट-बायसेक्ट-लिमिटचा आकडा निम्मा-निम्मा करत जावा, कुठल्या पासला उत्तर बदलतंय ते सापडतंय.

निपाणीकर:
तिसरा पहिला हे मान्य, पण कंसाचा बग पुढं ढकलू नका. शिकणारी पोरं रोज तीच चूक करणार, निदान ओळ नंबर सांगून नीट थांबायला पाहिजे. बाणाचं म्हणाल तर तुम्ही बाइट मोजताय बघा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, 'की' म्हणजे क आणि वेलांटी मिळून ६ बाइट, पण स्क्रीनवर अक्षर एकच. ग्राफीम क्लस्टर, म्हणजे स्क्रीनवर एक दिसणारी अक्षरं, मोजा. मराठी पोरांसाठी भाषा आणि मराठीच ओळीवर बाण चुकतो, हे मनाला लागतं हो.

टिळकवाडी_कोडर:
सापडलं! इन्स्टकंबाईन नावाच्या पासला उत्तर बदलतंय. प्रोग्रॅममध्ये 'अ + ब < अ' अशी ओव्हरफ्लोची (उत्तर ठरलेल्या जागेत न मावण्याची) तपासणी आहे, तिच्या जागी नुसतं 'ब < ०' होतंय. एलएलव्हीएमचाच बग का हा?

उद्यमबाग_४१:
नाही, त्याचं बरोबरच आहे. तुमचा फ्रंटएंड (कोड वाचून आयआर बनवणारा भाग) बेरजेवर एनएसडब्ल्यू हा फ्लॅग लावतोय, म्हणजे ओव्हरफ्लो कधी होणारच नाही असं तुम्हीच त्याला लिहून देताय. तुमच्या भाषेत आकडा गुंडाळून परत फिरतो असा नियम असेल तर तो फ्लॅग काढा, वजाबाकी-गुणाकारात पण बघा. आणि बग बंद करायच्या आधी तोच प्रोग्रॅम टेस्टमध्ये घाला, ओ-झिरो (ऑप्टिमायझेशन बंद) आणि ओ-टू दोन्हीवर चालवा. आता नवीन फीचर एकही घेऊ नका, आधी रिलीज कँडिडेट (रिलीजआधीची तपासायची आवृत्ती) काढून सरांच्या हातात द्या, गणपतीला अजून वेळ आहे की.