ओहर्झे नदीच्या वळणातले लोकेत : अर्धा दिवस पुरेल की मुक्काम करावा?

पाऊलवाट यांचा प्रश्न

सप्टेंबर महिन्यात आम्ही दोघे पश्चिम चेकियात जाणार असून कार्लोवी वारी येथे चार रात्रींचा मुक्काम ठरला आहे. नकाशा पाहत असताना त्या शहराच्या नैऋत्येला ओहर्झे नदीने एका चिमुकल्या गावाला तिन्ही बाजूंनी घातलेला वेढा नजरेस पडला आणि त्या वेढ्याच्या मधोमध किल्ला दिसला. गावाचे नाव लोकेत. प्रवासपुस्तिका चाळल्या, पण ‘परीकथेतले गाव’ या दोन शब्दांपलीकडे त्यांतून फारसे काही हाती लागले नाही.

माझे प्रश्न असे. हा किल्ला इथेच का बांधला गेला आणि पुढे तो तुरुंग कसा झाला? जर्मन कवी गटे या गावात येत असे, असे वाचले. त्यात तथ्य किती? आणि शेवटचा, व्यवहाराचा प्रश्न : सकाळी जाऊन दुपारी परतावे की एक रात्र तिथे काढावी? माझ्या पत्नीला चालायला आवडते, मला जुन्या भिंतींपुढे रेंगाळायला आवडते. दोघांचेही समाधान होईल असे काही सुचवल्यास आभारी राहीन.

जुनी वीट यांचे उत्तर

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर गावाच्या नावातच आहे. चेक भाषेत ‘लोकेत’ म्हणजे हाताचे कोपर. या भागात पूर्वी जर्मनभाषक वस्ती होती आणि त्यांच्या भाषेतले ‘एल्बोगेन’ हे नावही त्याच अर्थाचे आहे. ग्रॅनाइटच्या कठीण खडकाला वळसा घालताना नदीने कोपर दुमडल्यासारखा आकार घेतला आणि ज्याला किल्ला बांधायचा होता त्याला खंदक खणायचे कष्ट उरले नाहीत. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून या किल्ल्याचे उल्लेख सापडतात, परंतु आत जिन्यालगत एका अगदी लहान वर्तुळाकार रोमनेस्क (म्हणजे अर्धगोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीतल्या) प्रार्थनामंदिराचे अवशेष आहेत आणि ते त्याहूनही जुने मानले जातात. बहुतेक प्रवासी त्यावरून नजर न टाकता पुढे जातात. आपण भिंतींपुढे रेंगाळणारे आहात, तेव्हा तिथे अवश्य थांबा.

या किल्ल्यातला सर्वांत प्रसिद्ध कैदी तीन वर्षांचा होता. १३१९ साली बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेकियातल्या तेव्हाच्या राज्याचा, राजा लक्झेंबर्गचा योहान आणि राणी एलिश्का यांच्यातला बेबनाव विकोपाला गेला. राणीच्या बाजूचे सरदार आपल्याला पदच्युत करून मुलाला गादीवर बसवतील, या संशयाने राजाने लोकेतचा ताबा घेतला, राणीला तिथून दूर धाडले आणि पोटच्या मुलाला किल्ल्यात कोंडून ठेवले. सुमारे दोन महिने त्याला एका तळघरात ठेवले होते आणि उजेड येण्यासाठी तिथे केवळ एक भोक होते, असे जुने वृत्तांत सांगतात. या मुलाचे जन्मनाव वात्स्लाव. पुढे त्याला फ्रान्सच्या दरबारी धाडण्यात आले, तिथे त्याने चार्ल्स हे नाव घेतले आणि तोच सम्राट चौथा चार्ल्स झाला. प्राग विद्यापीठ १३४८ साली त्यानेच स्थापन केले. मोठेपणी त्याने लोकेतकडे पाठ फिरवली नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. तो इथे शिकारीला येत असे आणि अशाच एका शिकारीत त्याच्या कुत्र्यांमुळे गरम पाण्याच्या झऱ्याचा शोध लागला, अशी दंतकथा आहे. कथा खरी असो वा नसो, १३७० साली त्याने त्या झऱ्यांकाठच्या वस्तीला शहराचे हक्क बहाल केले ही गोष्ट खरी आहे. आपण ज्या शहरात राहणार आहात ते हेच.

पंधराव्या शतकात लोकेत श्लिक घराण्याकडे गेले. सम्राट सिगिस्मुंडचा चान्सलर, म्हणजे मुख्य कारभारी, कास्पर श्लिक याला हे ठाणे कर्जाच्या तारणापोटी मिळाले होते. याच घराण्याने पुढे उत्तरेकडच्या याखिमोव्ह येथील खाणींच्या चांदीतून नाणी पाडली. याखिमोव्हच्या ‘योआखिमस्थाल’ या जर्मन नावावरून नाण्याला ‘थालर’ म्हणू लागले आणि ‘डॉलर’ हा शब्द त्यातूनच आला. लोकेतचे नागरिक मात्र या घराण्यावर फारसे खूश नव्हते. राजाविरुद्धच्या बंडात हात असल्यामुळे १५४७ साली श्लिकांच्या हातून हे ठाणे गेले.

तुरुंगाचे म्हणाल, तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी किल्ल्याला लष्करी अर्थ उरला नव्हता आणि जाड भिंतींची एवढी मोठी इमारत रिकामी पडून होती. १८२२पासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे तुरुंग होता आणि त्यासाठी अनेक भागांची मोडतोड करण्यात आली. आज काही दालने अनपेक्षितपणे रूक्ष व चौकोनी दिसतात, त्याचे कारण हे आहे. तळघरात छळाच्या साधनांचे प्रदर्शन असून त्यात पुतळे आणि ध्वनिमुद्रित किंकाळ्या आहेत. मला ते बटबटीत वाटले. त्याऐवजी पोर्सिलेनच्या दालनात वेळ घालवावा. १८१५ साली हायडिंगर बंधूंनी इथे पोर्सिलेनचा कारखाना काढला होता, कारण या परिसरात त्यासाठी लागणारी केओलिन माती विपुल आहे.

लोहचुंबक यांचे उत्तर

जुनी वीट यांच्या सविस्तर उत्तरात एका गोष्टीची भर घालतो, कारण माझ्या दृष्टीने लोकेतची सर्वांत विलक्षण वस्तू आता लोकेतमध्ये फारशी उरलेलीच नाही.

गावात कित्येक शतके सुमारे १०७ किलो वजनाचा लोखंडाचा एक ओबडधोबड गोळा जपून ठेवलेला होता. त्याला लोक ‘शापित बुर्गग्राफ’ म्हणत. बुर्गग्राफ म्हणजे राजाच्या वतीने किल्ला सांभाळणारा अधिकारी. त्यांतला एक फार जुलमी होता आणि शापाने त्याचे लोखंड झाले, अशी कथा सांगितली जाई. हा गोळा एकदा किल्ल्याच्या विहिरीतही टाकला गेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याची रासायनिक परीक्षा झाली, तेव्हा तो लोह-निकेलचा अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला तुकडा, आहे हे उघड झाले. लगेचच, १८१२ साली, त्याचा मोठा भाग व्हिएन्नाला नेण्यात आला आणि आजही तो तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे.

तो मी तिथे पाहिला आहे. कापून घासलेल्या पृष्ठभागावर आम्लाची प्रक्रिया केली की एकमेकांना तिरके छेदणाऱ्या पट्ट्यांची नक्षी उमटते. जणू कोणी चटईची वीण धातूत कोरली असावी. अशी वीण जमायला धातू लाखो वर्षे अत्यंत सावकाश थंड व्हावा लागतो, त्यामुळे कोणत्याही भट्टीत ती तयार करता येत नाही. शापाची कथा रचणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते, पण हे लोखंड आपल्याकडचे नव्हे हे त्यांनी बरोबर ओळखले होते. आपल्या प्रवासात व्हिएन्ना असेल तर हा दुवा चुकवू नये.

पाऊलवाट

दोघांचेही मनापासून आभार. व्हिएन्ना या खेपेस शक्य नाही, पण तळघरातल्या त्या भोकाचे वर्णन वाचल्यापासून किल्ला पाहण्याची ओढ दुणावली आहे. गटेविषयी आणि चालण्याच्या वाटेविषयी कोणी सांगू शकेल का?

काठाकाठाने यांचे उत्तर

चालण्याविषयी मी सांगू शकते, कारण दोन वर्षांपूर्वी मी लोकेत ते कार्लोवी वारी हे अंतर ओहर्झेच्या काठाने पायी पार केले आहे. बसने लोकेतला जावे आणि चालत परतावे, असा क्रम मी सुचवीन. बसला साधारण अर्धा तास लागतो, चालायला रमतगमत चार-पाच तास हाताशी ठेवावेत. वाट सोपी आहे, चढ जवळजवळ नाही आणि नदी बहुतेक वेळ सोबत राहते. उन्हाळ्यात छोट्या होड्या वल्हवत जाणारे चेक तरुण भेटतात आणि काठावरून चालणाऱ्याला हात करून ओरडून अभिवादन करतात. उत्तरादाखल आपणही ओरडावे, अशी रीत आहे.

वाटेत मध्यावर स्वातोश्के स्काली नावाचे ग्रॅनाइटचे उंच सुळके नदीकाठी उभे आहेत. एका तरुणाने जलपरीला लग्न न करण्याचे वचन दिले आणि ते मोडून तो बोहल्यावर चढला, तेव्हा तिने नवरानवरीसह सारी वरात दगडाची करून टाकली, अशी त्यांची कथा आहे. समोरच्या काठावरून पाहिले तर दाटीने उभी असलेली माणसे खरोखरच दिसू लागतात. पुरोहित कोणता यावर आमच्यात बराच वाद झाला. तिथे पायी जाणाऱ्यांसाठी झुलता पूल आहे आणि खाण्यापिण्याचीही सोय आहे. चेकियात युरो नव्हे तर कोरुना चालतो, म्हणून थोड्या नोटा जवळ असाव्यात.

दोन सूचना आणखी. लोकेतच्या जवळ मोटोक्रॉसची प्रसिद्ध शर्यतवाट आहे आणि उन्हाळ्यात जागतिक शर्यतीच्या दिवसांत गावात खोली मिळणे कठीण होते. सप्टेंबरात ही अडचण येऊ नये. मात्र किल्ल्याखाली नदीकाठच्या खुल्या रंगमंचावर होणारे ऑपेराचे प्रयोगही उन्हाळ्यातलेच, त्यामुळे तेही बहुधा हुकतील.

जुनी वीट

गटेचे राहून गेले होते. तो लोकेतला एकदा नव्हे, अनेकदा आला. परंतु ज्या भेटीची सर्वांत जास्त चर्चा होते ती २८ ऑगस्ट १८२३ची, म्हणजे त्याच्या चौऱ्याहत्तराव्या वाढदिवसाची. सोबत लेव्हेत्झो कुटुंबातील आई आणि तिच्या तीन मुली होत्या. थोरली उल्रिके एकोणीस वर्षांची होती आणि तिच्यासाठी गटेच्या वतीने मागणी घालून झालेली होती. त्या दिवशी वाढदिवसाचा उच्चार कोणीच करायचा नाही असे जणू ठरले होते, तरीही केक आला आणि तिघी बहिणींची नावे कोरलेला काचेचा पेला भेट म्हणून पुढे झाला. चौकातल्या ‘पांढरा घोडा’ या खानावळीत हे सारे घडले. सुमारे आठवडाभराने गटेने कार्लोवी वारी सोडले आणि परतीच्या घोडागाडीत त्याने आपली सुप्रसिद्ध विलापिका लिहायला घेतली. उल्रिके अविवाहित राहिली आणि १८९९ साली वारली. या प्रसंगाला हळव्या प्रेमकथेचे रूप देण्याची हौस अनेकांना असते, पण मला मात्र त्या टेबलाभोवती बसलेल्या मुलीची अवघडलेली स्थिती अधिक जाणवते.

चौकातून फिरताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९४५नंतर इथल्या जर्मनभाषक रहिवाशांना देश सोडावा लागला आणि घरे जागेवर राहून माणसे बदलली. त्यामुळे जुन्या दगडांवर जर्मन अक्षरे आढळली तर गोंधळून जाऊ नये.

मुक्कामाविषयी माझे मत असे : एक रात्र अवश्य काढावी. दिवसा कार्लोवी वारीहून येणाऱ्या सहलींची गर्दी असते आणि संध्याकाळी ती ओसरते. चौक सरळ नाही, नदीच्या वळणाप्रमाणे तोही वाकलेला आहे, म्हणून एका टोकाला उभे राहिल्यास दुसरे टोक दिसत नाही. रात्री तिथून चालत नदीवरच्या पुलावर जावे. १८३६ साली तिथे साखळ्यांचा झुलता पूल होता. सुमारे शंभर वर्षांनी त्याच्या जागी आजचा काँक्रीटचा पूल आला. घरांच्या रांगेवर उभा असलेला किल्ला या पुलावरून जितका चांगला दिसतो तितका दुसरीकडून दिसत नाही.

पाऊलवाट

ठरले. चारपैकी शेवटची रात्र लोकेतला हलवली आहे. जाताना बसने जाऊ आणि दुसऱ्या दिवशी सामान पाठीवर घेऊन नदीकाठाने परत येऊ. सुळक्यांमधला पुरोहित कोणता, याचा निकाल आल्यावर कळवीन.