ओसीडीची शंका आहे. पहिल्यांदा कोणाशी बोलावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी वीस वर्षांची आहे आणि पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकते. माझे घर सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. गेले दहा महिने माझ्या बाबतीत जे घडते आहे ते ओसीडी, म्हणजे नको असलेले विचार पुन्हा पुन्हा येण्याचा आणि त्याच त्या कृती कराव्या लागण्याचा मानसिक आजार असावा, अशी मला शंका आहे. येथे कोणी निदान करावे अशी माझी अपेक्षा नाही. हे पहिल्यांदा कोणासमोर बोलावे, एवढेच मला विचारायचे आहे.

सुरुवात खोलीच्या कुलपापासून झाली. कुलूप लावल्यावर तीन वेळा ओढून पाहायचे, असा मी स्वतःला नियम घालून घेतला होता. पुढे तीनाचे सहा झाले आणि आता नऊ वेळा ओढल्याशिवाय पाय जिन्याकडे वळत नाही. ओढून ओढून दाराची कडी सैल झाली आहे, सैल झाल्यामुळे ती हलते आणि ती हलली की कुलूप नीट लागले नसावे अशी शंका पुन्हा येते. मैत्रिणी खाली थांबलेल्या असतात, म्हणून हल्ली मी त्यांना पुढे जायला सांगते.

मागच्या सत्र परीक्षेत मात्र हे प्रकरण कुलपापुरते राहिले नाही. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहून झाल्यावर मी त्यातील एकेक अक्षर आणि आकडा बोट ठेवून हॉल तिकिटाशी जुळवत होते. शेवटचा आकडा जुळला की पहिला आपण खरोखर पाहिला का, असे वाटायचे आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. प्रत्येक उत्तरानंतर पान उलटून तेच. गणिताच्या सत्तर गुणांच्या पेपरात वीस गुणांचे प्रश्न कोरे राहिले, आणि ते मला येत होते.

आता जे लिहिते आहे ते मी आजवर कोठेही लिहिलेले नाही. दिवाळीत घरी विळीवर कांदा चिरत असताना माझी तीन वर्षांची भाची शेजारी येऊन बसली आणि ‘आपण हिला काही केले तर?’ असा विचार एकाएकी मनात आला. माझे हात गार पडले. डोके दुखत असल्याचे सांगून मी उठले, आणि तेव्हापासून ती घरात असली की मी स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नाही. पुण्याला गेल्यापासून मुलगी आळशी झाली, असे आईला वाटते. भाचीवर माझा फार जीव आहे, म्हणूनच हा विचार आठवला तरी मला स्वतःची भीती वाटते.

माझ्यासमोरचे पर्याय सांगते. आमच्या वर्गाच्या जीएफएम (विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या पालक-प्राध्यापिका) मॅडम प्रेमळ आहेत, परंतु उपस्थिती कमी झाली की घरी फोन करणे हेही त्यांचेच काम आहे. महाविद्यालयात आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक येतात. त्यांची खोली कार्यालयाला लागून आहे आणि बाहेरच्या नोंदवहीत नाव व वर्ग लिहूनच आत जावे लागते. गावचे डॉक्टर मला लहानपणापासून ओळखतात, पण ते बाबांचे मित्र आहेत. पुण्यात मावशी राहते आणि ती ऐकून घेईल, मात्र आईपासून ती काही लपवू शकत नाही. आईला थेट सांगावे तर आमच्या घरात या गोष्टीला एक जुना शब्द आहे. आजी बाजारातून आलेली नाणीसुद्धा धुऊन वाळत घालायची आणि सगळे तिला हसून ‘मंत्रचळ’ म्हणायचे. मी कुलूप ओढताना आईने एकदा पाहिले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “आजीचा मंत्रचळ उचललास बघ.”

राहिले मनोविकारतज्ज्ञ. मी एका वहीत तक्ता केला आहे. त्यात पुण्यातील सतरा डॉक्टर व मानसशास्त्रज्ञांची नावे, पदव्या, शुल्क आणि लोकांनी लिहिलेले अनुभव आहेत. रोज रात्री मी तो पुन्हा तपासते आणि रोज कोणाच्या तरी नावापुढे नवी शंका निघते. चुकीच्या माणसाला विळीची गोष्ट सांगितली आणि त्याने ती घरी किंवा पोलिसांना कळवली तर काय, या विचारापाशी येऊन मी वही मिटते. असे तीन महिने गेले आहेत. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया मार्ग सांगावा.

प्रतिसाद १

तुला ‘तू’ म्हणते, कारण माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. मला स्वतःला ओसीडी आहे. त्याचे नाव कळले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि त्याआधीची सहा वर्षे मी अशीच कोणाला सांगू या विचारात घालवली होती.

आधी विळीबद्दल लिहिते, कारण तुझी खरी अडचण तीच दिसते. आपल्याला सर्वांत प्रिय असलेल्या माणसाला आपल्या हातून इजा होईल, असे नको असलेले विचार ओसीडीत अनेकदा आढळतात. मनोविकारतज्ज्ञ ते रोज ऐकतात. ज्याला तो विचार येतो त्याला त्याची किळस आणि दहशत वाटते, तो सुरीपासून, मुलापासून दूर पळतो. तू नेमके हेच केलेस. अशा विचाराला इच्छेपासून वेगळे कसे ओळखायचे हे तज्ज्ञाला ठाऊक असते, आणि म्हणूनच ही गोष्ट जीएफएमना किंवा मावशीला आधी न सांगता तज्ज्ञालाच आधी सांगावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रेमळ माणूसही अजाणतेपणी घाबरून जातो आणि त्याच्या चेहऱ्यावरची भीती आपण वर्षानुवर्षे विसरत नाही.

गुप्ततेबद्दल कायदा तुझ्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 नुसार उपचारांविषयीची माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्क रुग्णाला आहे. त्याला अपवाद आहेत, उदाहरणार्थ कोणाच्या जिवाला खरोखर धोका असेल तर. परंतु नको असलेला विचार मनात येणे म्हणजे तसा धोका नव्हे. तू सज्ञान आहेस, त्यामुळे तपासणीसाठी आईवडिलांची संमती लागत नाही. पहिल्याच भेटीत “माझी माहिती घरी कळेल का?” असे थेट विचार.

कोणाकडे जावे याचे माझे उत्तर आहे, मनोविकारतज्ज्ञ. मानसोपचाराला विरोध म्हणून मी हे म्हणत नाही. उलट ओसीडीवर ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’, म्हणजे ईआरपी, ही उपचारपद्धती फार उपयोगी पडते. तीत भीती वाटणाऱ्या गोष्टीला ठरवून, पायरीपायरीने सामोरे जायचे आणि त्यानंतरची ठरलेली कृती करायची नाही. तुझ्या बाबतीत कुलूप एकदाच ओढून जिना उतरायचा आणि शंका मनात तशीच राहू द्यायची, अशी एखादी पायरी असू शकेल. हे काम प्रशिक्षित चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारावे. पण निदान पक्के करणे, औषधाची गरज ठरवणे आणि योग्य मानसशास्त्रज्ञाकडे पाठवणे ही तिन्ही कामे मनोविकारतज्ज्ञ करू शकतात. औषध सुरू झाले तर एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. ओसीडीत त्याचा गुण दिसायला बहुधा आठ ते बारा आठवडे लागतात, म्हणून दोन आठवड्यांत काही झाले नाही असे समजून ते स्वतःहून बंद करू नकोस. मी केले होते आणि त्यात एक वर्ष गेले.

शुल्काची अडचण असेल तर ससून रुग्णालयाचा मनोविकारशास्त्र विभाग आहे. सकाळी लवकर जावे, केस पेपर काढावा आणि रांगेची तयारी ठेवावी. तेथे शिकाऊ डॉक्टर आधी माहिती घेतात. माझी माहिती अशाच एका तरुण डॉक्टरने घेतली होती आणि तिने मला शेवटपर्यंत बोलू दिले. जायचा धीर होत नसेल तर आधी टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन कर. ही सरकारी सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. जीव नकोसा वाटण्याचे विचार कधी आले तर मात्र कसलीही वाट न पाहता याच क्रमांकावर फोन कर किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

आता त्या वहीबद्दल. रागावू नकोस, पण मला तो तक्ता दाराच्या कडीसारखाच दिसतो. सतरा नावे तू रोज रात्री ओढून पाहतेस आणि रोज एखादे हलल्यासारखे वाटते. अचूक डॉक्टर सापडल्याची खात्री तुला होणार नाही, कारण खात्री न होणे हेच तर या आजाराचे लक्षण आहे. पहिला डॉक्टर पटला नाही तर दुसरा गाठता येतो. एक नाव निवड आणि वही मैत्रिणीकडे ठेवायला दे.

जाताना एका कागदावर लिहून ने: काय घडते, दिवसातले किती तास जातात, परीक्षेत काय झाले. विळीचे वाक्यही त्यातच लिही. तोंडून निघाले नाही तर कागद पुढे कर. मी तसेच केले होते.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

काकू, आपले उत्तर मी वसतिगृहाच्या गच्चीवर बसून वाचले. पुन्हा पुन्हा वाचायची इच्छा होत होती, पण कडीचे वाक्य आठवले आणि दोनदा वाचून थांबले. वही खोलीतल्या मैत्रिणीला दिली आहे. आत काय आहे, असे तिने विचारले नाही.

येत्या गुरुवारी सकाळी प्रात्यक्षिक नाही, त्या दिवशी ससूनला जायचे ठरवले आहे. कागद लिहून झाला. त्यातील विळीचे वाक्य चार वेळा खोडले आणि पाचव्यांदा ठेवले. आईला तूर्तास सांगणार नाही, मात्र निदान झाल्यावर सांगताना डॉक्टरांची मदत मागेन. परीक्षेत थोडा अधिक वेळ मिळावा यासाठी महाविद्यालयात कोणता दाखला द्यावा लागतो, याचा अनुभव कोणाला असल्यास कृपया सांगावे, कारण पुढची सत्र परीक्षा सात आठवड्यांवर आली आहे.