पबात न पिणाऱ्यानं जावं का?

महालवाला: निवृत्त मास्तर आहो, नागपूरचा. कुठल्याही गावी गेलो की आधी पारावर जाऊन बसतो, गावाची अर्धी बखर तिथंच मिळते. जूनमध्ये लेकीकडे इंग्लंडात डर्बीला चाललो. ती म्हणते, "बाबा, इथल्या खेड्यात पार म्हणजे पब." मी तर जन्मात थेंब घेतला नाही. नुसतं बसलं तर हाकलतात काय? सौ.ला न्यावं का?

दूरदेशी: काका, काकूंना जरूर न्या. तिथं म्हाताऱ्या, लेकरं, कुत्री, सगळे असतात. फक्त टेबलावर वेटरची वाट बघू नका. मी पहिल्यांदा वीस मिनिटं मुकाट बसलो होतो! काउंटरवर सांगायचं, तिथंच पैसे द्यायचे. लेमोनेड मागाल तर गोड सोडा येईल, आपलं लिंबू सरबत नव्हे.

आत शिरण्याआधी पाटी बघा. वाचता न येणाऱ्यांसाठी पाटीवर चित्र असायचं. 'रॉयल ओक' जागोजागी दिसेल: १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत हरलेला राजा दुसरा चार्ल्स बॉस्कोबेलच्या ओक झाडात दडला होता, त्याची आठवण. डर्बीशायरातच ईम गाव आहे (स्पेलिंग Eyam, त्यावर जाऊ नका). तिथला पब 'माईनर्स आर्म्स' (माईनर म्हणजे खाणकामगार), कारण त्या भागात शिशाच्या खाणी होत्या. १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडातून तिथं प्लेग शिरला. पाद्री मॉम्पेसनच्या सांगण्यावरून गावानं स्वतःलाच कोंडून घेतलं. शिवेवरच्या दगडाच्या खळग्यांत रोग पसरू नये म्हणून व्हिनेगर, त्यात नाणी. बाहेरचे लोक नाणी उचलून अन्न ठेवून जायचे.

इतवारीकर: काऊन घाबरून राहिले मास्तर? बर्डीच्या टपरीवर एका कटिंगवर दोन तास बसता न! पण तिथं काहीतरी घ्या बाप्पा. गिऱ्हाईक नसलं की पब विकायला निघतो.

दूरदेशी: अगदी. म्हणून २०११ च्या कायद्यानं गावकऱ्यांना पब 'गावाची ठेव' म्हणून नोंदवता येतो. मालकानं विकायला काढला की पैसे जमवायला सहा महिन्यांची मुदत मिळते.

महालवाला: हे भारी! आमची आजी सांगे, प्लेगात लोक गाव सोडून वावरात झोपड्या घालून राहत. आम्ही बाहेर पडलो, ते आतच राहिले. आता पबापेक्षा तो दगडच बघायचा आहे. गावातून किती चालावं लागते? सौ.चे गुडघे चढावाला ऐकत नाहीत.

दूरदेशी: मग काकूंना पबात बसवा, तुम्ही जाऊन या.

महालवाला: हे तिला तुम्हीच सांगा.